उन्हात ठेवलेली बाटली

ग्योटिंगेन, १२ नोव्हेंबर २०१२

वीडेनरोट सर,

सर म्हटलेलं चालेल ना? गेझिने प्रयोगशाळेत तुमच्याबद्दल बोलताना नेहमी ‘आमचे सर’ म्हणायची. ‘आमच्या सरांनी आज न्याहारीला लोण्याचं लॅटिन नाव सांगितलं, मग लोणी दिलं.’ अंत्यविधीच्या वेळी मी तुमच्याशी हात मिळवायला आले, पण नाव सांगायचं राहून गेलं. तुम्हीही नुसती मान हलवलीत. मी फ्राउके टामेन, सूक्ष्मदर्शकवाली. गेझिने रेणू घडवायची आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली उजळवून बघायचे. कितीतरी वर्षं आमचं हेच चाललं होतं.

फोन करून पाहिला. तुमच्या बहिणींनी उचलला आणि ‘तो झोपलाय’ म्हणाल्या. दुपारी पुन्हा केला, तेव्हाही तुम्ही झोपलेलेच. म्हणून हे पत्र.

विचारायचं ते सरळच विचारते. ऑगस्टअखेरीस आमच्या इमारतीची वीज शनिवार-रविवार बंद राहणार होती. तेव्हा गेझिनेने एक लहानशी काचेची बाटली तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला नेली होती. अंगठ्याएवढी, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. सोमवारी परत आणणार होती. रविवारी तिला इस्पितळात न्यावं लागलं, आणि पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या बाटलीत तिचा शेवटचा रेणू आहे, सत्तेचाळीस नंबरचा. तो दुसरीकडे कुठेही नाही. त्याच्यावरचा लेख तिने हयातीतच लिहून पाठवला होता. आता नियतकालिकाच्या तपासणाऱ्यांनी एक चित्र मागितलंय. पेशीच्या आतले बारीक धागे या रेणूने खरोखरच एकमेकांपासून सुटे दिसतात का, ते दाखवा म्हणतात. चित्र दिलं तर लेख छापला जाईल, आणि पहिलं नाव तिचं असेल. मुदत मार्चपर्यंत आहे.

ती बाटली तुमच्याकडे आहे का?

फ्राउके टामेन


गोस्लार, १९ नोव्हेंबर २०१२

माननीय डॉ. टामेन,

आपले दिनांक १२ चे पत्र मिळाले. माझी थोरली बहीण इर्मट्राउट हिने दूरध्वनीवर दिलेल्या उत्तरांबद्दल मी दिलगीर आहे. मी झोपलेलो नव्हतो. मी कोणाशी बोलण्याच्या स्थितीत नाही, हे तिने तिच्या पद्धतीने सांगितले.

बाटली माझ्याजवळ आहे. ती मी आपणांस देऊ इच्छित नाही. हे लिहिताना मला संकोच होतो, परंतु संदिग्ध उत्तर देण्यापेक्षा स्पष्ट उत्तर देणे अधिक सभ्यपणाचे, असे मी मानतो.

आपल्या संस्थेने माझ्या पत्नीच्या खोलीवरची नावाची पाटी अंत्यविधीनंतरच्या आठवड्यातच काढली. तिचा कोट, तिची बूटजोडी आणि चहाचा पेला एका खोक्यात घालून पोर्टरच्या हाती मला देण्यात आला. यात कोणाचा दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. खोलीची कोणाला तरी गरज असणारच. परंतु तिने स्वतःच्या हातांनी घडवलेली एकच वस्तू माझ्याकडे उरली आहे, आणि ती मागायला आपण तिच्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांनी आलात.

बाटलीची निगा मी उत्तम प्रकारे राखतो, याविषयी आपण निश्चिंत असावे. वरचा चांदीचा कागद मी काढून टाकला. गेझिने आपला डब्यातला पाव तशाच कागदात नेत असे, त्यामुळे तो नुसते वेष्टन असावा, असे मी समजलो. खाली काचेवर तिच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे. आपल्याला माहीतच असेल, तिचा सात नेहमी मागे कललेला असे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. द्रव पाण्यासारखा स्वच्छ आहे, परंतु सकाळच्या उन्हात ठेवला की थोड्या वेळात त्याला पिवळा रंग चढतो, लिंबाच्या सालीसारखा. बाटली तिरपी धरली तर कडेला हिरवट झाक दिसते. सायंकाळी टेबलावरच्या दिव्याखाली तो रंग हळूहळू उतरतो आणि रात्रीपर्यंत द्रव पुन्हा निर्मळ होतो. मी रोज न्याहारीनंतर बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. ऊन नसेल त्या दिवशीही ठेवतो. हा दिवसातला एकमेव भाग आहे, ज्याची मी वाट पाहतो.

आपला,
एकेहार्ट वीडेनरोट


ग्योटिंगेन, ३ डिसेंबर २०१२

सर,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

पाटीचं वाचून मान खाली गेली. ती कुणी काढली ते मला माहीत आहे, आणि त्याला मी माझ्या परीने ऐकवलंही आहे. पण ते तुमच्या काय उपयोगाचं?

एवढंच करा. बाटली पुन्हा चांदीच्या कागदात गुंडाळा, दोन पदर घ्या आणि फ्रिजमध्ये मागे ठेवून द्या. सध्या उन्हात ठेवू नका. उन्हाने गरम होते ना, म्हणून.

हा रेणू कशासाठी होता, ते गेझिनेने तुम्हाला सांगितलंच असेल, तरी मी माझ्या पद्धतीने सांगते. तुम्ही शिक्षक आहात. सगळा वर्ग एकदम ओरडला तर कोण कुठून बोललं ते कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. पेशीतही तसंच होतं. सगळे रेणू एकदम उजळले की धाग्यांचा नुसता धुरकट गोळा दिसतो. म्हणून सगळ्यांना झोपवायचं. मग जांभळ्या उजेडाच्या बारीकशा टिचकीने दोघा-चौघांनाच उठवायचं, कोण कुठे बसलंय ते टिपून घ्यायचं, त्यांना झोपवायचं आणि पुढच्या चौघांना उठवायचं. असं करत करत हजेरी पूर्ण झाली की सगळ्या वर्गाचं चित्र तयार होतं, प्रत्येक जण आपापल्या बाकावर. गेझिनेचं आयुष्य अशी मुलं घडवण्यात गेलं: हाक मारली की उठणारी आणि गप्प म्हटलं की गप्प बसणारी.

बाटली मागायची असं आत्ता म्हणत नाही. फक्त गुंडाळून ठेवा.

फ्राउके


गोस्लार, १० डिसेंबर २०१२

माननीय डॉ. टामेन,

आपले पत्र ज्या दिवशी मिळाले, त्याच दिवशी मी सूचनेप्रमाणे केले. बाटली इर्मट्राउटच्या आलुबुखाराच्या मुरंब्यामागे, अंधारात आहे. सकाळी मी खिडकीपाशी बसतो, कारण सवय मोडलेली नाही. समोर फक्त खिडकीची लाकडी फळी असते.

मी पस्तीस वर्षे मुलांना लॅटिन शिकवले. प्रश्नाला वळसा घालून दिलेले उत्तर मला लांबूनही ओळखू येते. या खिडकीतले ऊन डिसेंबरमध्ये लोण्याची वडीही मऊ करू शकत नाही. ‘गरम होते म्हणून’ हे कारण आपण दयेपोटी लिहिले आहे, असे मला वाटते. आपल्या दयेबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु मला उत्तर हवे आहे.

मी तिच्या रेणूचे काही नुकसान केले आहे काय?

उत्तरापूर्वी आपल्याला एक गोष्ट माहीत असावी. दफन झाल्यानंतरच्या सकाळी मी बाटली प्रथम खिडकीत ठेवली. कोणत्याही हेतूने नव्हे; ती हातात होती आणि हात रिकामा करायचा होता, इतकेच. रंग चढू लागला तेव्हा मला वाटले, हे तिने माझ्यासाठी ठेवले आहे. असे वाटणे निराधार आहे, हे मी जाणतो. माझ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या माणसाने असे काही कोणापुढे मांडू नये. परंतु आपण मला नुकसान सांगणार असाल, तर ते कशाचे झाले तेही आपल्याला कळायला हवे.

आपला,
एकेहार्ट वीडेनरोट


ग्योटिंगेन, १४ डिसेंबर २०१२

सर,

हो. नुकसान झालं आहे.

हे रेणू कितीही वेळा उठत-झोपत नाहीत. प्रत्येक वेळी त्यांतले थोडे उठतच नाहीत, कायमचे जातात. उन्हात जांभळा उजेडही असतो, म्हणून तिथे सगळे एकदम उठतात, पिवळा रंग चढतो तो त्यामुळेच, आणि दिवसभर जागे राहतात. रोज खिडकीत ठेवलेल्या बाटलीत किती उरले असतील, ते मला सांगता येत नाही. नुसत्या डोळ्याला फरक कळणार नाही, बरेचसे गेले तरी पिवळा रंग दिसतोच.

हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुन्हा विचाराल. थोर्बेन म्हणून आमच्याकडे एक तरुण रसायनवाला आहे, हुशार आहे. तो तिच्या टिपणांवरून सप्टेंबरपासून सत्तेचाळीस पुन्हा घडवायचा प्रयत्न करतोय. शेवटच्या पायरीला दर वेळी तपकिरी चिकटाच हाती येतो. परवा मला म्हणाला, ‘फ्राउके, बाईंनी सगळं लिहून ठेवलंय, पण त्यांचा हात कुठे लिहिलाय?’

आता एक दुसरी गोष्ट सांगते. ही दयेपोटी नाही, खरंच घडलेली आहे. नवा रेणू हाती आला की गेझिने स्वतः तो खिडकीपाशी न्यायची. मी ओरडायचे, ‘अगं बाई, तो सूक्ष्मदर्शकासाठी आहे, तुझ्या करमणुकीसाठी नाही.’ ती म्हणायची, ‘एकदाच. तोंडओळख तरी होऊ दे.’ रंग चढेपर्यंत उभी राहायची, मग गुंडाळून टाकायची. सत्तेचाळीसच्या वेळीही उभी राहिली होती. तेव्हा तिच्याने धड उभंही राहवत नव्हतं. म्हणाली, ‘हा आमच्या सरांना आवडेल.’

आमच्याकडे एक रीत आहे. नवा रेणू पेशीत घालून पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली जातो, तेव्हा खोलीतला दिवा ज्याने तो घडवला त्यानेच मालवायचा. सत्तेचाळीस अजून तिथवर पोचलेलाच नाही.

बाटली तुमची आहे. मी पुन्हा मागणार नाही.

फ्राउके


गोस्लार, २७ डिसेंबर २०१२

माननीय डॉ. टामेन,

आपल्या पत्राचे उत्तर देण्यास नाताळ मध्ये आला, असे मी लिहू शकलो असतो. ते खरे ठरले नसते. नाताळ आमच्याकडे आलाच नाही. इर्मट्राउटने झाड आणले आणि संध्याकाळी पुन्हा अंगणात नेऊन ठेवले.

आपण मला सत्य सांगितलेत. त्याने जे व्हायचे ते झाले, आणि त्याविषयी मी लिहिणार नाही.

गेले काही दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत आहे. मी ती बाटली पाहण्याची वस्तू समजलो. तिने मात्र ती ज्यायोगे दुसरे काही दिसावे, अशी वस्तू घडवली होती. चष्मा काचेच्या कपाटात मांडून ठेवणाऱ्या माणसाला आम्ही वर्गात हसलो असतो.

नऊ जानेवारीच्या सकाळच्या गाडीने मी बाटली घेऊन येत आहे. आपल्याला सोयीचे नसल्यास कळवावे. ती चांदीच्या कागदाच्या तीन पदरांत, गेझिनेच्या काळ्या लोकरी मोज्यात आणि वरून केकच्या पत्र्याच्या डब्यात आहे. तो डबा पाहून इर्मट्राउट म्हणाली, ‘माणूस बायकोला भेटायला निघाल्यासारखा निघालाय, आणि नेतोय काय तर एक मोजा.’ मी म्हणालो, ‘मोजा तिचाच आहे.’ त्यावर ती गप्प बसली. ती गप्प बसल्याचा प्रसंग माझ्या आठवणीत दुसरा नाही.

त्या शहरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नव्हतो. स्थानकाबाहेरून मला कारंज्याच्या वाटेने नेऊ नये, एवढी विनंती आहे. तिला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे तिला ज्या सजवलेल्या हातगाडीतून मिरवत तेथे नेले, ती ओढणाऱ्यांत मी होतो. तेव्हा मी तिला ओळखत नव्हतो. माझ्या मित्राला पाठदुखी होती म्हणून मी त्याच्या जागी गेलो होतो.

आपला,
एकेहार्ट वीडेनरोट


ग्योटिंगेन, ४ फेब्रुवारी २०१३

सर,

चित्र तयार झालं. सोबत पाठवते आहे. पण आधी पत्र वाचा आणि मगच पाकीट उघडा.

तुम्ही दोन दिवस राहिलात, ते आमच्या मजल्यावर अजून सगळ्यांच्या बोलण्यात आहे. बाटलीतला रंग पेशींवर चढवण्यात रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कोट-टाय घालून, हातमोजे हातात धरून दारात उभे. थोर्बेन मला हळूच म्हणाला, ‘परीक्षा घ्यायला आलेत का?’ मी त्याला म्हणाले, ‘तू दिवा मालवायला बटणाजवळ जाऊ नकोस, आज तो मान त्यांचा आहे.’ तुम्ही बटणाजवळ गेलात आणि विचारलंत, ‘हे खाली दाबायचे की वर?’ मी खाली म्हणाले. तरी तुमचा हात कितीतरी वेळ तिथेच होता. शेवटी दाबलंत.

मग पडद्यावर तो काळोख, आणि त्यात एकेक ठिपका उजळून विझणारा. तुम्ही म्हणालात, ‘हे फार थोडे आहेत.’ मी म्हणाले, ‘थोडेच असायला हवेत, सर.’ तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्याहून पुष्कळ जास्त असायला हवे होते. मला ते पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं.

हजेरी घेऊन झाली. बरेचसे बाक रिकामे निघाले. धागे आहेत, पण जागोजागी तुटलेले; ठिपके, मग काळं, मग पुन्हा ठिपके. फक्त एका कोपऱ्यात, खाली डावीकडे, दोन धागे शेजारी शेजारी गेलेत, अगदी अखंड. त्यांच्यात इतकं कमी अंतर आहे की दुसऱ्या कशानेही ते दोन दिसले नसते, एकच जाड धागा दिसला असता. तिथेच का जमलं, मला सांगता येणार नाही. तेवढ्यापुरतं गेझिनेचं म्हणणं खरं ठरलं.

आमच्या विभागाच्या प्राध्यापकांनी पाहिलं. त्या कोपऱ्यापाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, ‘एवढ्यावर नाही चालणार, फ्राउके. एका कोपऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.’ मी भांडले. उपयोग झाला नाही. लेख छापला जाणार, पण तिच्या आधीच्या रेणूंवर. सत्तेचाळीस तळटीपेत जाईल: घडवला होता, नमुना उरला नाही, एवढंच. पहिलं नाव मात्र तिचंच ठेवलं आहे.

बाटली रिकामी झाली. ती धुऊन, चिठ्ठी न भिजवता, सोबत पाठवते आहे.

फ्राउके


गोस्लार, १५ फेब्रुवारी २०१३

माननीय डॉ. टामेन,

आपले पत्र, चित्र आणि बाटली व्यवस्थित पोहोचली.

तळटीपेविषयी आपण खेद मानू नये. प्राचीन काळातली पुष्कळ चांगली माणसे आज केवळ तळटीपांतच शिल्लक आहेत. मी मुलांना तळटीपा वाचायला लावत असे आणि मुले माझा द्वेष करत. आता मीही त्यांच्यातलाच झालो आहे. ही एक तळटीप मी वाचू इच्छित नाही, कारण नमुना का उरला नाही ते तिच्यात लिहिलेले नसेल.

चित्र मी एकदा पाहिले. खालचा डावा कोपरा मला सापडला. त्यानंतर ते मी चांदीच्या कागदात गुंडाळून माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवले आहे आणि खणाला कुलूप लावले आहे. खोलीचे पडदेही मी आता दिवसा उघडत नाही. इर्मट्राउटला हे पटत नाही. ‘घर आहे की बटाट्याचं तळघर?’ असे ती विचारते. परंतु यावेळी मी योग्य काळजी घेत आहे, हे आपल्याला कळावे म्हणून लिहिले.

आपला,
एकेहार्ट वीडेनरोट


ग्योटिंगेन, १८ फेब्रुवारी २०१३

सर,

ते चित्र कागद आहे. छापलेली शाई. त्यात रेणू नाहीत. उजेडात कितीही वेळ ठेवलंत तरी काही मरत नाही. फिकं पडलं तर मी दुसरं छापून पाठवीन, तेही पडलं तर तिसरं.

खण उघडा. पडदे उघडा. हवं तितकं बघा.

हे मी आधीच लिहायला हवं होतं. तुम्हाला कोण सांगणार होतं?

फ्राउके


गोस्लार, २ मार्च २०१३

प्रिय फ्राउके,

तुमचे पत्र आल्यानंतरही कुलूप उघडायला मला बरेच दिवस लागले. काल ते उघडले. चित्र आता स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या भिंतीवर, जिथे सकाळचे ऊन येते तिथे लावले आहे. खिडकीच्या फळीवर रिकामी बाटली आहे. ऊन तिच्यातून आरपार जाते. तिला रंग चढत नाही. मी तरीही न्याहारीनंतर तिथे बसतो.

इर्मट्राउटने चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘हे काय, कसर लागलेली लोकर?’

मी तिला सांगितले की हे गेझिनेचे काम आहे.

‘गेझिने असं फाटकं काम करणारी नव्हती,’ ती म्हणाली.

‘फाटले आहे ते मी फाडले,’ मी म्हणालो. हे मी तोवर तिला सांगितलेले नव्हते. मग मी खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. ‘ती हे करत होती.’

इर्मट्राउटने चष्मा एप्रनला पुसला, पुन्हा लावला, आणि नाक कागदाला टेकेल इतकी जवळ गेली.

‘दोन आहेत,’ ती म्हणाली.

‘हो,’ मी म्हणालो. ‘दोन आहेत.’

तुमचा,
एकेहार्ट